कन्हानचं पाणी आणि रजिस्टरातलं नाव

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने कन्हान नदीत बुडवून बाप्तिस्मा घेतला. पोरगा बावीस वर्षांचा आहे, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि तो तीन महिन्यांचा असताना आमच्याच मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, डोक्यावर पाणी शिंपडून त्याचा एकदा बाप्तिस्मा झालेला आहे, त्या दिवशी त्याला हातात धरून मीच उभी होते, त्याची धर्ममाता म्हणून. नदीतला व्हिडिओ कोणीतरी मंडळीच्या ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून सदर, मोहननगर, जरीपटका, जिथे जिथे आमची माणसं आहेत तिथे हाच विषय चाललाय. काही म्हणतात पोट्ट्याने आईबापाचा आणि मंडळीचा अपमान केला, रजिस्टरातून नाव कमी करा, उद्या लग्नाला, मातीला, कशालाच इकडे यायचं नाही. दुसरे म्हणतात तुमच्या शिंपडण्याला बायबलात आधार कुठे आहे, बाळाला काय कळतं, तो आता कुठे खरा ख्रिस्ती झाला. आणि बरेच जण असेही आहेत की जे म्हणतात अरे कशाला भांडता, बाप्तिस्मा म्हणजे शेवटी एक सर्टिफिकेट, मनात विश्वास असला की झालं.

मला हे तिन्ही पटत नाही, आणि माझं म्हणणं मी आधीच सांगून टाकते. भाच्याने दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घ्यायला नको होता. पण त्यासाठी मंडळीने त्याचं नाव काढणं ही त्याच्याहून मोठी चूक होईल. आणि मनात असलं की झालं, हे म्हणणं तर ज्यांनी बाप्तिस्म्यासाठी घरदार गमावलं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. सगळ्यांची गाडी एकाच जागी अडते, आपण बाप्तिस्म्याकडे त्या एका दिवसापुरतं बघतो, पाणी किती होतं, वय किती होतं, कोणाच्या हाताने झालं, कोणत्या वहीत लिहिलं. त्या पाण्याने माणूस कोणाचा झाला, आणि मग सोमवार ते शनिवार तो कोणाला आपलं म्हणतो, हे कोणी विचारतच नाही.

भाच्याचा मुद्दा आधी घेते कारण तो कच्चा नाही. नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक उघडून बघा, बहुतेक ठिकाणी आधी वचन ऐकणं, मग विश्वास, मग पाणी असाच क्रम आहे. त्यात एक हबशी अधिकारी रथ थांबवतो आणि सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाला विचारतो, हे बघा पाणी, आता मला काय अडचण? तो स्वतः मागतो, त्याच्यासाठी दुसरं कोणी मागत नाही. प्रभू येशूचा स्वतःचा बाप्तिस्मा यार्देन नदीत, तिशीच्या सुमारास. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच बुडवणं. सन २०० च्या आसपास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लिहितो की लहान मुलांची घाई करू नका, त्यांना मोठं होऊ द्या, कळू द्या (यावरून मुलांचे बाप्तिस्मे त्या काळीही होत होते हे कळतं, पण त्याची शंका होती ही गोष्ट खरीच). आणि सगळ्यात जड मुद्दा पुस्तकातला नाहीच, तो डोळ्यासमोरचा आहे. मी अठरा वर्षं संडे स्कूल घेतेय. ज्या बाळांना मी पांढऱ्या फ्रॉकमध्ये पाहिलं त्यातली निम्मी आता नाताळ आणि ईस्टर सोडून दिसत नाहीत. भाचा मला म्हणाला, मावशी, माझ्या बाप्तिस्म्यात मी कुठे होतो? या प्रश्नाला उडवून लावायची माझी हिंमत नाही.

तरी माझं उत्तर आहे. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याच्या सगळ्या घराचा झाला, लुदिया नावाच्या बाईचाही तसाच घरादारासकट. त्या घरात तान्हं मूल होतं की नव्हतं हे लिहिलेलं नाही, त्यामुळे यावर मी जास्त ताणत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. बाप्तिस्मा ही कोणाची कृती आहे, माझी की देवाची? ही माझ्या विश्वासाची परीक्षा असेल तर मग मी ती कितव्यांदा पास झाले हे कसं ठरवायचं? आज मला वाटतं की विशीतला माझा विश्वास पोरकट होता, उद्या साठीत वाटेल की पन्नाशीतला अर्धवट होता, मग दर वेळी नदीवर जायचं का? जरीपटक्याला एक गृहस्थ मला माहीत आहेत, त्यांचा तीन ठिकाणी तीनदा झाला, आणि चौथ्या पास्टरने त्यांना सांगितलं की आधीचे तिन्ही चालत नाहीत. या वाटेला शेवटच नाही. हा वाद मंडळीत आधी होऊन गेलाय. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमी छळात उत्तर आफ्रिकेतल्या काही धर्मगुरूंनी भीतीपोटी पवित्र शास्त्र सरकारच्या हवाली केलं, मग छळ संपल्यावर प्रश्न आला की असल्या माणसांच्या हातून झालेला बाप्तिस्मा खरा कसा? दोनातुस नावाच्या बिशपचे लोक म्हणाले पुन्हा द्या. ३१४ साली आर्लच्या सभेने नाही म्हटलं, आणि पुढे तिथल्याच बिशप ऑगस्टिनने आयुष्यातली कित्येक वर्षं हेच समजावण्यात घालवली की बाप्तिस्मा देणाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही, तो ख्रिस्ताचा आहे, म्हणून तो माणसाच्या दुबळेपणाने रद्द होत नाही. भाच्याला मी एवढंच म्हटलं, बाळा, मराठी तुला कोणी विचारून दिली का? तुला कळायच्या आधी ती तुझ्या कानात पडली म्हणून ती खोटी ठरते का? तू मोठा होऊन ती नीट बोलायची की विसरायची हे तुझ्या हातात, पण ती पुन्हा पहिल्यांदा शिकता येत नाही.

आणि समजून-उमजून घेतला की माणूस आपोआप पक्का होतो, हेही इतिहास सांगत नाही. चौथ्या शतकात उलटंच झालं, बाप्तिस्म्याने सगळी पापं धुतली जातात तर मग तो जितका उशिरा घेऊ तितकं बरं असा हिशोब लोक करायला लागले. रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशाहने ख्रिस्ती मंडळीला राजाश्रय दिला, सभा भरवल्या, आणि स्वतः बाप्तिस्मा घेतला ३३७ साली, मरणाच्या बिछान्यावर. पूर्ण समजून घेतला. पण मग आयुष्यभर जगायचं काय? पाण्याच्या मापाचं म्हणाल तर दिदाखे नावाची मंडळीची फार जुनी शिकवण आहे, ती म्हणते वाहतं पाणी घ्या, ते नसेल तर दुसरं कुठलंही, गार नसेल तर कोमट, आणि तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. इतक्या सुरुवातीच्या लोकांना जे चाललं ते आपल्याला न चालायला कारण काय?

आता मंडळीच्या कर्त्या लोकांना सांगायचंय, आणि जरा रागाने सांगायचंय. तुम्ही पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्याचं नाव कापायला निघालात, तर १५२७ सालचं झ्युरिक आठवा. तिथे फेलिक्स मान्झ नावाच्या तरुणाला प्रौढ बाप्तिस्म्याचा प्रचार केला म्हणून लिम्माट नदीत बुडवून मारलं, आणि मारणारे कोणी परधर्मी नव्हते, प्रोटेस्टंट झालेल्या शहराची ख्रिस्ती नगरसभाच होती. सिद्धांत त्यांचा बरोबर होता असं मी मानते, तरी त्या नदीकाठी मी मान्झच्या आईशेजारी उभी राहिले असते. आणि झ्युरिकला कशाला जायचं, आपलं नागपूरच बघा ना. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मली ती इथे, आपल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, २९ नोव्हेंबर १९७०. सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या, त्यात अँग्लिकन होते जे बाळांना बाप्तिस्मा देतात आणि बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स होते जे फक्त विश्वास कबूल करणाऱ्याला, आणि तोही बुडवून देतात. एकत्र येण्याची बोलणी १९२९ पासून चाललेली, चाळीस वर्षं, आणि त्यातल्या अवघड प्रश्नांमध्ये हाच एक होता. तोडगा काय निघाला? दोन्ही पद्धती मान्य. ज्यांना बाळाला बाप्तिस्मा द्यायचा नाही त्यांनी बाळाचं समर्पण करावं आणि ते मोठं झाल्यावर त्याने स्वतः घ्यावा, आणि बाळपणी झालेल्याने मोठेपणी दृढीकरणाच्या वेळी आपल्या तोंडाने विश्वास कबूल करावा. म्हणजे माझ्या बहिणीला तेव्हा दोन्ही दारं उघडी होती, आणि हे तिला कोणी सांगितलंच नाही. दृढीकरणाचा वर्ग घेतला तो सहा रविवार, तोही पाठांतरापुरता, हे मी संडे स्कूलची बाई म्हणून कबूल करते. ज्या शहरात लोकांनी चाळीस वर्षं घासाघीस करून दोन पाण्यांना एका छताखाली आणलं त्या शहरात आपण चाळीस दिवसांत एका पोराला बाहेर काढायला निघालो.

राहिले मनात असलं की झालं म्हणणारे. यांच्याजवळही मोठी साक्ष आहे. वधस्तंभावरच्या चोराचा बाप्तिस्मा झाला नव्हता. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की ख्रिस्ताने मला बाप्तिस्मा करायला नाही, सुवार्ता सांगायला पाठवलं. आणि आपल्या मराठीतले सगळ्यात मोठे ख्रिस्ती कवी, रेव्हरंड ना. वा. टिळक, यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. टिळकांचं नाव आलं की आम्ही नागपूरवाले जरा जवळीक सांगतो, कारण नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीतच एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला होता. पण तेच टिळक १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतात. मनात विश्वास तर आधीच आला होता ना? मग कशाला घेतला? पुढे काय होणार हे त्यांना कळत नव्हतं का? लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या माणसांकडे, संसार मोडला, चार-पाच वर्षं नवराबायको वेगळे राहिले. मनातला विश्वास मनात ठेवला असता तर यातलं काही झालं नसतं. दरबाराने त्यांनी भिंत पाडायचा प्रयत्न केला ती मिशनच्या कंपाउंडची, विलायती चालीरीतींची, आपला बाप्तिस्मा त्यांनी कधी मागे घेतला नाही.

बाप्तिस्मा मनाबाहेर का पडतो, हे तेव्हाच्या हिंदू समाजाला आपल्यापेक्षा चांगलं कळलं होतं असं मला वाटतं. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहिला. कोर्टाने श्रीपतला वयाने लहान म्हणून वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याचा बाप्तिस्मा झालाच नव्हता, तरी त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मोठं वादळ उठलं, कारण तो मिशनरींच्या घरी जेवला होता. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून बाजू घेतली आणि त्याचा त्रासही सोसला. म्हणजे खरी रेघ कुठे होती? ताटावर होती. कोणाबरोबर जेवतोस त्यावरून तू कोणाचा. आणि पौलही गलतीकरांना तेच सांगतो, ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांनी ख्रिस्ताला अंगावर घेतलं, आता यहूदी-हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद नाही.

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. आपण हा भेद खरंच सोडला का? १६६७ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या कायदेमंडळाने कायदा केला की बाप्तिस्म्याने गुलामाची गुलामी सुटत नाही. ख्रिस्ती मालकांना भीती होती की पाण्यातून वर आलेला माणूस आपला भाऊ ठरेल, म्हणून त्यांनी कायद्याने पाण्याची ताकदच काढून घेतली. आम्हाला असा कायदा लागला नाही, आम्ही तो मनातच केला. लग्नाचं बघताना ऐका आपली माणसं काय बोलतात. मुलगी ख्रिस्तीच पाहिजे, प्रार्थना करणारी पाहिजे, आणि मग आवाज बारीक करून, 'पण आपल्यातलीच ना?' माझ्या एका मामीने माझ्यासमोर एका चांगल्या स्थळाला नाही म्हटलं, म्हणाली, काहून बाई, त्याचे आजोबा कोण होते माहीत आहे ना? आजोबांचा बाप्तिस्मा होऊन ऐंशी वर्षं झाली, त्या ऐंशी वर्षांत पाणी मामीपर्यंत पोहोचलंच नाही. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांबद्दल लिहिताना नेमकं हेच बोट ठेवलं होतं, की धर्म बदलला तरी मंडळीत जात गेली नाही. ते वाचून राग येण्याऐवजी आपल्याला लाज वाटायला पाहिजे होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात काय मानायचं नाही, कसं वागायचं, सगळं साध्या भाषेत, रोजच्या जगण्यातलं. आजही दीक्षाभूमीवर त्या प्रतिज्ञा खांबावर कोरलेल्या आहेत आणि माझ्या शेजारच्या मावशींना त्या तोंडपाठ आहेत. बाप्तिस्म्याच्या विधीतही प्रतिज्ञा असतात. आपल्यातल्या किती जणांना सांगता येतील?

यात कायद्याची एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पुढे १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. त्यामुळे कित्येक घरं बाप्तिस्म्याची नोंद टाळतात, कागदावर एक आणि रविवारी एक. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुद्दुचेरीच्या एका बाईला हिंदू अनुसूचित जातीचा दाखला नाकारला, आणि त्यात तिच्या तान्हेपणीच्या बाप्तिस्म्याची चर्चमधली नोंद पुरावा म्हणून आली. नोंद टाळणाऱ्यांना मी भित्रे म्हणणार नाही, पोराच्या फीचा प्रश्न असतो तेव्हा बाहेरून बोलणं सोपं असतं. पण एक विचारते. ख्रिस्ती धर्मात जात नाही म्हणून सवलत नाही, हे सरकारचं म्हणणं. हे म्हणणं खोटं आहे, जात इथेही आहे, असं आपण कोर्टात सांगतो, आणि मंडळीत मात्र ती आहे हे कोणी बोललं की त्याला फूट पाडणारा ठरवतो. दोन्हीकडे खरं बोलायचं तर सुरुवात आपल्या घरच्या स्थळांपासून करावी लागेल.

जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बस्तरच्या एका गावात, एका पास्टरच्या मुलाला बापाला गावात पुरू दिलं नाही. ख्रिस्ती आहेत, इथे जागा नाही. प्रेत जवळपास तीन आठवडे शवागारात, प्रकरण सुप्रीम कोर्टात, दोन न्यायाधीशांची दोन मतं, आणि शेवटी गावापासून वीसेक किलोमीटर लांब दुसऱ्या ठिकाणी माती दिली. त्या रविवारी आमच्या उपासनेत त्या कुटुंबासाठी प्रार्थना झाली, लोक रडले, मी पण रडले. आणि आता त्याच बाकांवरून आवाज येतोय की या पोराला आपल्या कबरस्तानात जागा द्यायची नाही. आपण काय बोलतोय हे कळतंय का कोणाला? बाप्तिस्म्याने जे नातं दिलं ते मातीपर्यंतचं असतं. ते तोडायचा हक्क त्या गावाला नव्हता, तसा तो मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीलाही नाही.

रोजच्या जगण्याचं म्हणाल तर आपल्याजवळ आठवणीच्या खुणाच उरल्या नाहीत. माझी एक कॅथलिक मैत्रीण सदरच्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये शिरताना दाराशी ठेवलेल्या पाण्यात बोटं बुडवते आणि क्रूसाची खूण करते, लहानपणी मला ती नुसती सवय वाटायची. मग तिने सांगितलं की हे पाणी माझ्या बाप्तिस्म्याची आठवण आहे, आत जाताना दर वेळी. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या आपल्या छोट्या शिकवणीच्या पुस्तकात लिहिलंय की आपल्यातला जुना आदाम, म्हणजे जुना पापी माणूस, रोज पश्चात्तापाने बुडवायचा आणि नवा माणूस रोज वर यायचा. रोज, म्हणजे दुकानात जास्तीचे पैसे परत आले तेव्हा, धुणंभांडी करणाऱ्या बाईला वेगळा कप द्यायला हात जातो तेव्हा, मुलीच्या स्थळाची चौकशी करताना जीभ आजोबांवर जाते तेव्हा. माझ्या घरात तो वेगळा कप होता. माझ्या आईच्या वेळेपासून होता, आणि मी, धर्ममाता, संडे स्कूलची बाई, तो मी किती वर्षं तसाच वापरत राहिले हे सांगायला मला जड जातंय.

तो कप भाच्याने बंद केला. नदीवर जायच्या आधीची गोष्ट आहे, दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्याकडे राहायला होता, एक दिवस त्याने त्या कपात स्वतः चहा घेतला आणि आमच्या बाईंना आपल्या कपात दिला, काही बोलला नाही. त्याला हे कोणी शिकवलं? मी तर नाही. मग मागच्या आठवड्यात त्याने मला विचारलं, मावशी, तू तेव्हा माझ्यासाठी काय कबूल केलं होतंस? मला शब्द आठवले नाहीत, मी उठून कपाटातून उपासनेचं पुस्तक काढलं. आम्ही दोघांनी ते बसून वाचलं. सैतानाची कामं सोडण्याचं वचन, विश्वास, बाळाला प्रभूच्या वाटेने वाढवण्याचं वचन. आणि मग मंडळीचा भाग, जिथे सगळे उभे राहून म्हणतात की आम्ही या बाळाला आपल्यात घेतो. तो बराच वेळ त्या ओळीवर थांबला. म्हणाला, हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं फक्त पाणी टाकलं. माझं पुन्हा बाप्तिस्म्याबद्दलचं मत त्याला पटलं असं मी म्हणणार नाही, अजून वाद चालूच आहे आमचा.

पंचकमिटीची बैठक एकवीस तारखेला आहे. मी ते पुस्तक आणि त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद असलेलं पान घेऊन जाणार आहे, आणि नाव कमी करायचा ठराव आला तर आधी मंडळीचा तो भाग उभं राहून मोठ्याने वाचा म्हणणार आहे. भाचाही येतोय. माझ्या शेजारी बसेन म्हणालाय.